गुलाबाईच्या ओसरीवर गिटार

२९ ऑगस्ट, शुक्रवार

आज जेवताना आबांनी विचारलं, "दीपा, या गिटारीचं पुढे काय?"

मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. खरं सांगायचं तर उत्तर आत्ता लिहितानाही सापडत नाही.

आबा रागावून विचारत नव्हते. ते चटईच्या कारखान्यात काम करतात. तिथे प्लास्टिकचे दाणे वितळवले की धागा होतो आणि धागा विणला की चटई होते. प्रत्येक गोष्टीचं पुढे काहीतरी होतं. मी बी.एस्सी. केली, पुढे क्लासमध्ये शिकवायला लागले, हेही त्यांना समजलं. आमच्या घरात पदवी आणणारी मी पहिलीच, तेव्हा त्यांनी गावी पहूरला सगळ्या भाऊबंदांना पेढे पाठवले होते. पण रोज संध्याकाळी तासभर स्वयंपाकघर आणि खाट यांच्या मधल्या जागेत बसून मी तारा छेडते, त्याचं काय होणार?

आई म्हणाली, "राहू द्या ना. कोनाले त्रास देते का ती?"

"मी त्रास म्हनलो का? मी फक्त इचारलं."

दीड वर्ष झालं. मोबाईलवरच्या धड्यांवरून शिकले. बोटांची टोकं आता दुखत नाहीत, कॉर्ड बदलताना अडखळत नाही. पण आजवर एकाही माणसाबरोबर वाजवलेलं नाही. मोबाईलमधला माणूस थांबत नाही, चुकत नाही आणि माझ्याकडे बघतही नाही. मला वाटतं, संगीत एकट्याचं नसतं. हे वाक्य मोठं वाटतंय, पण मला ते मनापासून वाटतं.

७ सप्टेंबर, रविवार

रात्री ग्रहण, म्हणून गल्लीतली गुलाबाई, पार्वतीची मातीची मूर्ती, सकाळीच बसवली. दरवर्षीसारखी प्रमिला अक्कांच्या ओसरीवर. यंदा बसते की नाही अशी शंका होती, कारण मुलींना ट्यूशन असतात. शेवटी माझी बहीण रूपाच घरोघर फिरली आणि सात-आठ जणी जमवल्या.

आता कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी त्या टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतील आणि शेवटी खाऊ ओळखतील. रोज एका घराचा खाऊ. झाकलेला डबा हलवून आत काय आहे ते सांगायचं. ओळखल्याशिवाय उघडायचा नाही. लहानपणी मी त्यासाठी शाळेतसुद्धा मैत्रिणींचे डबे हलवून सराव करायचे.

आज मी सहज तिथे जाऊन उभी राहिले. रूपाची मैत्रीण यास्मिन म्हणाली, "दीपाताई, तू आता मोठी झाली ना? मोठ्या बायका खेळत नाहीत."

"मग मोठ्या बायका काय करतात?"

ती विचार करून म्हणाली, "चहा पितात."

९ सप्टेंबर, मंगळवार

गिटार घेऊन गेले! प्रमिला अक्का म्हणाल्या, "हे काय आनलं व माय? बस, बस. गुलाबाईले काही वर्ज्य नाही."

पहिल्यांदा कुणाबरोबर वाजवलं. चांगलं झालं का? नाही. मुली कुठल्याही सुरात गाणं सुरू करतात. त्यांचा सूर शोधून मी कॉर्ड धरते, तेवढ्यात पहिलं कडवं संपतं आणि दुसरं आणखी वरच्या सुरात सुरू होतं. उत्साह वाढला की सूर चढतो. तिसऱ्या कडव्याला त्या गच्चीवर पोचलेल्या असतात आणि मी अजून जिन्यात.

"ताई, तुझी गिटार खालीच राहिली," रूपा म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मीसुद्धा.

पण एकदा, एकाच कडव्यात, त्यांच्या टिपऱ्या आणि माझा हात एकाच क्षणी पडला. यास्मिनने वळून माझ्याकडे पाहिलं. हे दीड वर्षात कधी झालं नव्हतं. घरी येताना मी उगाच मोठ्याने बोलत होते.

खाऊ प्रमिला अक्कांचा होता. फुटाणे. पहिल्या हलवणीतच ओळखले गेले. अक्का म्हणाल्या, "कान आहेत का काय तुमचे!" आणि खूश झाल्या.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

क्लासला जाताना चौकात फलक दिसला. एका महिला मंडळाने गुलाबाईच्या गाण्यांची स्पर्धा ठेवली आहे. कोजागिरीलाच, मोठ्या सभागृहात. माईक, रंगमंच, सगळं. वाद्य चालेल असं स्पष्ट लिहिलंय.

मी लगेच नाव दिलं. कॉलनीतल्या मुली कथ्थक शिकतात, त्यांना स्टेज मिळतं. आमच्या गल्लीतल्या मुलींना का नाही? चटई कारखान्यातल्या, हातगाडीवाल्याच्या, शिलाईवालीच्या मुलीही तिथे उभ्या राहिल्या पाहिजेत. रात्री आईला हे सगळं मी उभ्यानेच सांगितलं. आई म्हणाली, "हो गं. पहिले जेवून घे."

आबांनी आज एक मोठी चटई आणली. निळी-पिवळी, कडेला वीण चुकलेली. "कारखान्यात पडेल होती," म्हणाले. "फरशी गार लागत असन पोरीले." अक्कांच्या ओसरीच्या बरोबर मापाची निघाली. योगायोगच.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आजपासून शिस्तीत सराव सुरू केला. मोबाईलवर सूर लावून दिला आणि सांगितलं, हा आपला सा, इथून हलायचं नाही. रांगेत उभं केलं, उंचीप्रमाणे. स्पर्धेत फक्त चार मिनिटं आहेत, म्हणून गाणी दोनच ठेवली. मुली स्वतः जोडतात ती कडवी काढली. काल त्यांनी गुलाबाईची बस चुकली म्हणून सासरी गेलीच नाही असं काहीतरी जोडलं होतं. ऐकायला गंमत वाटते, पण परीक्षकांपुढे चालणार नाही.

खाऊ ओळखण्यात रोज अर्धा तास जातो. म्हणून स्पर्धेपर्यंत तो बंद केला. मुलींना नीट समजावून सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या. लहान असल्या तरी समजूतदार आहेत.

यास्मिन आज उशिरा आली आणि हातात स्टीलचा डबा. मी घेऊन हलवला. काही आवाज नाही. रिकामा. "रिकामा डबा कशाला गं आणलास? ठेव तिकडे, रांगेत ये," म्हटलं. तिने तो कोपऱ्यातल्या स्टुलाखाली ठेवला. नंतर पोट दुखतंय म्हणून लवकर घरी गेली. डबाही घेऊन गेली.

मात्र आजचा सूर दोन कडवी टिकला! प्रगती आहे.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पाच जणी आल्या. एकीची ट्यूशन, एकीकडे पाहुणे, यास्मिनचं पोट अजून बरं नाही.

या वयात मुलींवर अभ्यासाचं किती ओझं टाकतात लोक! यावर कधीतरी लेख लिहायला हवा.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

तीन.

२१ सप्टेंबर, रविवार

धुळ्याला मामांकडे जाऊन आले. मामेभाऊ हितेंद्र त्याच्या मित्रांबरोबर गिटार वाजवतो आणि बरेच दिवस बोलावत होता. मी मुद्दाम गेले. म्हटलं, मोठ्या माणसांबरोबर वाजवून बघावं.

दार उघडताच मामींनी गिटारीची पिशवी पाहिली. "हाई काय शे व माय? येवढं मोठं! बसमा जागा भेटनी का याले?"

हितेंद्रचे मित्र फार छान वाजवतात. तिघं एका खोलीत, तिघांच्याही गिटारी स्पीकरच्या पेटीला जोडलेल्या. एक जण इतका भरभर वाजवतो की त्याची बोटं दिसत नाहीत. मला त्यांनी दोन कॉर्ड दिल्या, "तू हे धरून ठेव," म्हणाले. मी तासभर ते धरून ठेवलं. माझं मला ऐकू येत नव्हतं, पण ती माझ्या साध्या गिटारीची चूक. मध्ये एकदा मी चुकून वेगळीच कॉर्ड वाजवली. कुणाच्याही लक्षात आलं नाही.

"मजा आली ना?" हितेंद्रने विचारलं.

"खूप शिकायला मिळालं," मी म्हणाले.

बसस्टँडवर सोडताना त्याने त्याचा जुना कॅपो दिला. गिटारीच्या गळ्यावर लावायचा चिमटा. तो पुढे सरकवला की सूर चढतो, पण बोटं तीच धरायची. "मी हल्ली वापरत नाही," म्हणाला. "आणि ऐक, कोजागिरीला तुझ्या स्पर्धेला येतोय मी. पहिल्या रांगेत बसणार."

पारोळा गेलं तरी कॅपो हातातच होता. बसमध्ये मला सारखी अक्कांची ओसरी आठवत होती. बहुधा कंटाळा आला असेल.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज फक्त रूपा. तीही टिपऱ्या न घेता.

अक्कांनी गुलाबाईची आरती केली. आरतीला आम्ही तिघी. मोठी निळी-पिवळी चटई अगदीच मोकळी दिसत होती. अक्कांनी निरांजन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मागच्या पंचवीस वर्सात गुलाबाई एकटी नाही बसली व माय."

घरी आल्यावर मी रूपाला म्हटलं, "तुमच्यासाठीच करतेय ना मी हे? स्टेज मिळेल, माईक मिळेल. तुमच्या मैत्रिणींना काहीच कसं वाटत नाही?"

रूपा पाय हलवत खाटेवर बसली होती. म्हणाली, "त्यांना खाऊ पाहिजे."

"खाऊ? खाऊसाठी? मी उद्या वेफर्सची पाकिटं आणते सगळ्यांना."

"खायला नाही गं! ओळखायला."

मग म्हणाली, "आणि यास्मिनचा डबा तू उघडलाच नाहीस."

"अगं, तो रिकामा होता. मी हलवला की."

"रिकामा नव्हता. हमीदा चाचींनी आतमध्ये शिलाईच्या चिंध्या भरल्या होत्या गच्च. मध्ये नानखटाई. आवाज येऊच नये म्हणून. यास्मिनचा नंबर होता त्या दिवशी. तिने आम्हाला आठ दिवस आधीपासून सांगितलं होतं, माझा कुणी ओळखूच शकणार नाही."

आई आतून म्हणाली, "रूपा, झोप आता." पण संध्याकाळचे साडेसातच वाजले होते.

२५ सप्टेंबर, गुरुवार

क्लास सुटल्यावर थेट यास्मिनच्या आईकडे, हमीदा चाचींकडे गेले. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. त्या फॉल-पिकोच्या मशीनवर होत्या. मी म्हटलं, "चाची, त्या दिवशी मी यास्मिनचा डबा..."

"हाँ, तूने हिलाया," त्यांनी मशीन थांबवलं. "अन् तुझ्या कानाला काय आलं?"

"काहीच नाही. मला रिकामा वाटला."

चाचींनी डोळे मोठे केले आणि आत हाक मारली, "यास्मिन! सुन! बी.एस्सी. वालीला पण रिकामा वाटला!" मग मला म्हणाल्या, "म्हणजे जमला ना डबा? मी इसको बोलली होती, एक चिंधी पण कमी नको. इसके अब्बा ने हिलाया, वो भी फेल."

मी माफी मागायला गेले होते आणि त्या जिंकल्यासारख्या हसत होत्या. पण यास्मिन पडद्यामागेच होती. तिचे फक्त पाय दिसत होते.

मी पडद्याला म्हटलं, "चुकलं माझं. तुझा नंबर होता."

पडदा म्हणाला, "नानखटाई आम्ही खाऊन टाकली."

"पुन्हा आणशील?"

पाय मागेपुढे झाले. मग, "शेवटच्या दिवशी माझा नंबर पाहिजे. कोजागिरीला. सगळ्यात शेवटी."

"दिला."

"आणि तू पण ओळखायचं. मोठी झाली तरी."

चाचींनी चहा केला. मी तो मोठ्या बाईसारखा प्यायले.

२८ सप्टेंबर, रविवार

आज नऊ जणी! रूपाने गल्लीत नुसतं सांगितलं, "खाऊ सुरू झाला," आणि ट्यूशन, पाहुणे, पोटदुखी सगळं बरं झालं.

आणि एक गोष्ट घडली, ती मला नीट लिहून ठेवायची आहे. मुलींनी गाणं सुरू केलं. मी सा वगैरे काही दिला नाही. त्यांचा सूर शोधला आणि तिथे वाजवायला लागले. पहिलं कडवं संपलं, सूर नेहमीसारखा चढला. मधे त्या नुसत्या टिपऱ्या वाजवतात, तेवढ्या वेळात मी हितेंद्रचा कॅपो एक घर पुढे सरकवला. बरोबर बसलं! पुढच्या कडव्याला आणखी एक घर. त्या चढत होत्या आणि मीही त्यांच्याबरोबर जिना चढत होते.

चौथ्या कडव्याला रूपाच्या लक्षात आलं. "ताई, चिमटा पळतोय!" झालं. मग खेळच सुरू झाला, चिमटा कुठपर्यंत जातो त्याचा. सूर मुद्दाम चढवायला लागल्या. बसचं कडवं परत आलं आणि आणखी तीन नवी आली. एकात गुलाबाईला मोबाईलला रेंज नाही म्हणून सासूचा फोनच लागत नाही. शेवटी चिमटा गिटारीच्या पोटाला टेकला आणि माझा हातच मावेना. सगळ्या किंचाळत चटईवर आडव्या पडल्या. अक्का पदर तोंडाला लावून हसत होत्या.

खाऊ केळीचे वेफर्स. आवाजाने लगेच ओळखले. कुणाला वाईट वाटलं नाही.

आबा कामावरून येताना ओसरीपाशी थांबले होते, सायकल धरून. मी पाहिल्यावर म्हणाले, "चेन पडली." चेन जागेवर होती.

१ ऑक्टोबर, बुधवार

मंडळातून फोन आला. कोजागिरीला पाच वाजता सभागृहात हजर राहायचं. परत यायला नऊ तरी होतील. गुलाबाईची पाठवणी, म्हणजे विसर्जन, अक्का सातच्या आत करतात, म्हणजे ओसरीवरचा शेवटचा खाऊ होणार नाही. दुसऱ्या दिवशी करू म्हणावं तर तेव्हा गुलाबाईच नसणार.

मी विचारलं, आमच्या वेळेत खाऊ ओळखला तर चालेल का? बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, स्टेजवर कसं करणार? मागे बसलेल्यांना काय दिसणार?"

खरंच आहे. मागे बसलेल्यांना काय दिसणार?

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

दिवसभर तेच डोक्यात. स्टेजवर जायची इच्छा मुलींची आहे की माझी? पूर्वी मी शपथेवर सांगितलं असतं की त्यांची. आज रूपाला विचारलं तर ती म्हणाली, "स्टेजवर पण मजा येईल." म्हणजे अगदीच माझी एकटीची नाही. पण मग तिनेच विचारलं, "पण मग यास्मिनचा डबा?"

मला माईकसमोर वाजवायचं होतं. एकदा तरी. क्लासमधल्या सगळ्यांना सांगून झालंय. हितेंद्र धुळ्याहून येतोय. हे सगळं लिहून टाकल्यावर थोडं हलकं वाटतंय, पण थोडंच.

सोनं द्यायला अक्कांकडे गेले होते. त्या आपट्याचं पान हातात घेऊन म्हणाल्या, "यंदा लई गलका आहे माझ्या ओसरीवर." तक्रार आहे असं वाटलं, म्हणून मी सॉरी म्हटलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी

सकाळी हितेंद्रचा फोन. "किती वाजता पोचू सभागृहात?"

"सभागृहात नको. घरी ये. आणि येताना डबा आण."

"कसला डबा?"

"झाकणाचा. आत काहीतरी घाल. काय ते मला सांगू नको."

तो साडेपाचला आला. डब्यात खारे शेंगदाणे, सहा वर्षांच्या मुलीने ओळखले. त्याचा चेहरा पडला. त्याला टिपऱ्या दिल्या. एवढी गिटार वाजवणारा माणूस, पण मुलींबरोबर चार वेळा चुकला. पाचव्यांदा जमलं तेव्हा माझ्याकडे बघून ओरडला, "जमलं गं!"

चिमटा आज दोनदा गिटारीच्या पोटाला टेकला.

मग यास्मिनने डबा आणला. ओढणीखाली झाकून, पाठीमागे हमीदा चाची. एकेकीने हलवला. काही नाही. मी कानाशी धरला, हळू, मग जोरात. मला नानखटाई माहीत होती, पण यास्मिन इतकी हसत होती की ती नानखटाई नसणार हे कळत होतं. हरले. हितेंद्र हरला. अक्का म्हणाल्या, "कापूस." सगळ्या हसल्या.

आबा तेवढ्यात कामावरून आले आणि आज सायकल सरळ भिंतीला लावून ओसरीवर चढले. चप्पल काढून आपल्याच चटईच्या चुकलेल्या कडेवर बसले. "आना इकडे." डबा दोन्ही हातांत धरून त्यांनी हलवला, डोळे मिटले, पुन्हा हलवला. मुली पुढे वाकल्या.

"रिकामा आहे," आबा म्हणाले.

मुली चटईवर लोळल्या. यास्मिनने झाकण काढलं. चिंध्या, चिंध्या आणि चिंध्यांच्या घरट्यात माव्याचे सुके गुलाबजाम, प्रत्येक वेगळ्या कागदी वाटीत बसवलेला. चाचींच्या डोळ्यांत पाणी आलं इतक्या त्या हसत होत्या. पहिला गुलाबजाम यास्मिनने आबांना दिला, कारण सगळ्यात जास्त ते चुकले होते.

आबा खात खात म्हणाले, "अन् तुमची ती स्पर्धा? आजच होती ना? जायचं नाही का?"

मुलींनी माझ्याकडे पाहिलं. रूपाने गिटारीकडे.

"नाव मी शनिवारीच काढून आले, आबा."

आबांनी बोटं चाटली. रिकामी वाटी यास्मिनकडे देऊन मला म्हणाले, "मग बसली काबरं? वाजव. अक्का पाठवणीले थांबेल आहेत."

मी चिमटा पुन्हा पहिल्या घरावर लावला.